तीन बाय अर्धा, पण पऱ्हाटी कोणती?

रुक्मिणीची पालखी पंढरीला न्यायच्या तयारीत कौंडण्यपूर बुडालेलं असताना परवा तिथल्या समाजमंदिरात खरीपपूर्व सभा झाली. पडद्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, दाट लागवडीचे आकडे आले: अंतर तीन फूट बाय अर्धा फूट, एकरी 29,040 झाडं. टाळ्या पडल्या. मागच्या सतरंजीवरून एका काकांनी विचारलं, "साहेब, अंतर तं समजलं. पण वाण कोन्तं?" साहेब म्हणाले, "कोणताही चांगला घ्या." चार वर्षं या जागेवर मी ज्यासाठी घसा कोरडा करतोय, त्याची वासलात तीन शब्दांत लागली.

माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण अंतर कशासाठी ठेवायचं, एवढं तिला कळत होतं. अंबाडीचं बी एकाच गाडग्यातलं, पण ती ते दोन तऱ्हांनी टाकायची. दोरासाठी हवी ती वावराच्या कोपऱ्यात, मुठीनं फेकून, दाट. भाजीला आणि बोंडांना हवी ती धुऱ्यावर, हातहातभर सोडून. कोपऱ्यातली अंबाडी उजेडासाठी एकमेकींच्या वर चढायची. फांदी फुटायला जागाच नाही, म्हणून सरळसोट, पुरुषभर उंच. दिवाळीच्या सुमारास उपटून नाल्याच्या डोहात कुजत घातली की वरपासून खालपर्यंत अखंड सल निघायचा. धुऱ्यावरची मात्र ऐसपैस पसरलेली, पानांनी भरलेली, पुढं लालबुंद बोंडांनी लगडलेली. तिचा सल काढायला गेलात तर प्रत्येक फांदीशी अडतो. व्यापारी इंग्रजीत अंबाडीच्या धाग्याला 'डेक्कन हेम्प' म्हणत. खऱ्या हेम्पचं, म्हणजे भांगेचंही, गणित हेच. युरोपात धाग्यासाठी चौरस मीटरला शंभराच्या वर झाडं ठेवतात, फुलासाठी जेमतेम एखाददुसरं, वाणही वेगवेगळे. मागं मी भांगेवर लिहिलं तेव्हा ज्यांनी एकरी उत्पन्न विचारलं होतं, त्यांनी आधी धागा हवा की फूल ते ठरवावं. फूल म्हणालात, तर 1985चा अंमली पदार्थविरोधी कायदा दारात उभा आहे.

आता पऱ्हाटीकडे या. आजीला अंबाडीकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या, म्हणून एकाच बियाण्यावर अंतर बदलून भागलं. पऱ्हाटीकडून आपल्याला खोड नको, बोंडच हवं. अंतर बदललं तरी मागणी तीच. मग बदलायला हवं ते झाड. ठेंगणं, लवकर येणारं, गळफांद्या न फोडता खोडालाच फळफांद्या धरणारं. अशी झाडं दाट लावली तर एकेका झाडाला बोंडं थोडी, पण झाडं भरपूर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही-081 घ्या, नागपूरच्या कापूस संस्थेचा सुरज घ्या, दोन्ही सरळ वाण, दाट लागवडीत वापरून पाहिलेले. आणि बाजारात काय? मुख्यतः संकरित. सुरतेहून 1970 साली एच-4 आला तेव्हापासून आपल्याकडे संकरित पऱ्हाटी म्हणजे मोठं, पसरणारं झाड, हेच डोक्यात बसलंय. बी महाग, म्हणून झाडं थोडी आणि अंतर मोठं. ते त्या काळी शहाणपणाचंही होतं. तीच फोफावणारी पऱ्हाटी अर्ध्या फुटावर कोंबा. पोळ्यानंतर आत उजेड नाही, वारा नाही, फवारणीवाल्याला शिरायला वाट नाही. खालची बोंडं सडतात. मग गळफांद्या कापा, शेंडे खुडा, वाढ रोखायचं औषध मारा. मजुरी कोण देणार, ते पडद्यावर नव्हतं.

आता माझं जुनं दुखणं, बियाण्याचं पाकीट. 475 ग्रॅमच्या पाकिटात ढोबळमानानं साडेचार ते पाच हजार दाणे. चार बाय दीड फुटावर एकरी 7,260 झाडं लागतात, दोन पाकिटांत भागतं. तीन बाय अर्ध्यावर सहा. 2025च्या खरिपात बीजी-2 या बीटी संकरित बियाण्याचं पाकीट 901 रुपयांना होतं. गुणाकार तुम्हीच करा. सरळ वाणाचं बी घरी धरता येतं, संकरिताचं दर मृगाला नव्यानं घ्यावं लागतं. अशा सभांना पाकीटवाले पेढे कसे वाटत नाहीत, याचंच मला नवल. 2025च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचं कापूस उत्पादकता मिशन जाहीर झालं. त्यातला पैसा शेवटी कोणत्या पाकिटात जातो ते बघू.

जमिनीचंही कोणी बोललं नाही. दाट लागवड शोभते ती हलक्या, बरड जमिनीत, जिथं झाड मुळातच उंच जात नाही. वर्धेकाठची खोल काळी तर संकरित पऱ्हाटीला छातीपर्यंत नेते. एकाच गावात दोन तऱ्हेची वावरं आणि अंतर मात्र एक!

सभेनंतर काका चहाला थांबले. नदीकाठचं वावर ते चार बाय दीडवरच ठेवणार आहेत. बरडावरचे दोन एकर दाट करायचे म्हणतात, त्यासाठी सरळ वाणाचं बी विचारायला अकोल्याला जाणार आहेत. मी त्यांना गावरान अंबाडीचं मूठभर बी दिलं. त्यांची सून म्हणते भाजीला, काका म्हणतात दोराला.

— धुरकरी