क्राउन-पिनियन बदलण्यापूर्वीचे गणित

जयपूरच्या तिलक नगरातून रोज कामावर नेणारी आणि सुटीत राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून दिल्लीकडे धावणारी, मागच्या चाकांवर चालणारी एखादी वेगवान मोटार घ्या. तिच्या मागील आसावरील क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ३.५५ वरून ४.१० केले, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांना मिळणारा टॉर्क सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. सिग्नल सुटताच हा फरक सुखावतो. परंतु इंजिनाची शक्ती त्यामुळे तसूभरही वाढत नाही.

किंमत महामार्गावर मोजावी लागते. चाकाचा परीघ २ मीटर आणि टॉप गिअर १:१ धरल्यास, ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,९६० ऐवजी ३,४२० फेरे होतात. हे जादा फेरे म्हणजे अधिक घर्षण, अधिक आवाज आणि सहसा अधिक इंधन. टॉप गिअर ०.८ चा असेल, तर मात्र ४.१० वरही फेरे २,७३० च्या आसपास राहतात.

म्हणून रोजच्या गाडीसाठी एकटे क्राउन-पिनियन निवडणे ही चूकच ठरते. आधी टॉप गिअर पाहावा, मग गाडी सर्वाधिक तास ज्या वेगाने चालते तो वेग; शर्यतीतले सेकंद त्यानंतर.