प्रतिनिधी कोणास म्हणावे?

लोकशाहीत मताचा अधिकार सर्वांस समान असला, तरी शासनदरबारी गाऱ्हाणे मांडण्याचे सामर्थ्य सर्वांस समान नसते. बाजारपेठेवर नवा कर आला, की आपली व्यापारी संघटना मंत्र्यांना निवेदन देते, वकील नेमते, प्रसंगी बंदही पुकारते. त्याच पेठेत पोती वाहणाऱ्या हमालाच्या वतीने मात्र दीर्घकाळ कोणी बोलत नव्हते. आता कोणी बोलू लागले, की आपल्या मनात शंका येते : हे पुढारी खरोखर हमालांचे, की स्वतःचेच? शंका अनाठायी नाही. परंतु तिचे उत्तर तपासूनच द्यावयास हवे.

या दृष्टीने अहमदाबादच्या कापडबाजारातील हकिकत मननीय आहे. तेथे डोक्यावरून माल वाहणाऱ्या स्त्रियांना खेपेवर मजुरी मिळे. अंतर कमी असो वा अधिक, दर ठरे तो व्यापाऱ्याच्या मर्जीने, आणि खेपांची नोंदही पुष्कळदा अपुरी राही. 1971 च्या सुमारास श्रीमती इला भट्ट यांनी स्थानिक वृत्तपत्रातून हे मांडले. व्यापाऱ्यांनीही वृत्तपत्रातूनच आरोप नाकारला व आपण मजुरांना न्यायाने वागवतो असे जाहीर केले. यावर भट्ट यांच्या सहकाऱ्यांनी व्यापाऱ्यांचा तोच दावा कार्डांवर छापून त्या स्त्रियांच्या हाती दिला. जाहीर केलेला शब्द पाळावा, एवढेच मागणे उरले. शब्दाचे मोल व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

1972 मध्ये या श्रमिक स्त्रियांची ‘सेवा’ संघटना नोंदणीस गेली. निश्चित मालकच नाही, तर संघर्ष कोणाशी करणार, असा आक्षेप कामगार खात्याने घेतला. संघटना कोणाविरुद्ध नसून श्रमिकांच्या ऐक्यासाठी आहे, हे उत्तर अखेर मान्य झाले. 1974 मध्ये सुमारे 4,000 स्त्रियांनी प्रत्येकी 10 रुपये भागभांडवल देऊन आपली सहकारी बँक उभारली. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांची ओळख छायाचित्रावरून पटवली जाई. बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या मला 10 रुपयांचा तो भाग फार मोलाचा वाटतो. कारण भागधारकास हिशेब मागता येतो.

प्रतिनिधित्वाची कसोटी नेमकी हीच आहे. ज्यांच्या नावाने संघटना बोलते, त्यांच्या वर्गणीवर ती चालते काय? त्यांच्यापुढे हिशेब ठेवते काय? पुढारी बदलण्याचा अधिकार त्यांना आहे काय?

महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळावर मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींना समान संख्येने स्थान दिले. माथाडीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध तक्रार अवश्य करावी. मात्र त्या रोषात खऱ्या हमालाचा आवाज दडपला जाऊ नये. पुढील दरकराराच्या बैठकीत त्यांच्या प्रतिनिधीस हे तीन प्रश्न जरूर विचारावेत, आणि आपल्या व्यापारी संघटनेच्या वार्षिक सभेतही तेच विचारावेत. पेठेतील लहान दुकानदारास तेथे कितपत बोलता येते, हेही त्यातून कळेल.