कॅक्स्टनच्या छापखान्यातला बोधिसत्त्व

इंग्रजी भाषेतले पहिले छापील पुस्तक इंग्लंडात छापले गेले नाही. ते समुद्रापलीकडे, आज ज्याला बेल्जियम म्हणतात त्या मुलखात १४७३-७४ च्या सुमारास छापले गेले. ते छापणारा विल्यम कॅक्स्टन ना पंडित होता ना पाद्री. केंट परगण्यातला हा माणूस १४३८ मध्ये लंडनच्या रॉबर्ट लार्ज या बड्या कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला, तीसेक वर्षे परदेशात राहिला आणि ब्रूज शहरातल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा प्रमुख झाला. ट्रॉयच्या कथांचे फ्रेंच पुस्तक त्याने १४६९ मध्ये इंग्रजीत आणायला घेतले आणि अर्धवट टाकून दिले. बर्गंडीची डचेस मार्गारेट हिने भाषा सुधारून दिली व काम पुरे करायला लावले. पुढे प्रती मागणारे वाढले. लिहून लिहून लेखणी झिजली, डोळे अधू झाले, म्हणून मुद्रणकला शिकलो, असे त्यानेच नमूद केले आहे. तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता.

१४७६ मध्ये त्याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या आवारात भाड्याने जागा घेऊन इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. त्या काळी धर्म आणि विद्या लॅटिनमध्ये कोंडलेली होती. सामान्यांच्या बोलीत ज्ञान आले तर ते बाटते, ही समजूत काही एकट्या आमच्या देशाची मिरास नव्हे. १४०९ मध्ये आर्चबिशप थॉमस अरुंडेल याने परवानगीवाचून बायबलचे इंग्रजी भाषांतर करण्यावर आणि वाचण्यावर बंदी घातली होती. कॅक्स्टनने शंभरावर पुस्तके छापली, त्यातली वीसेक स्वतः भाषांतरित केली. पण इंग्रजी बायबल छापले नाही.

आम्ही त्याला क्रांतिकारक ठरवणार नाही. तो धंदेवाईक होता. राजेरजवाडे आणि सरदार हे त्याचे आश्रयदाते. १४९० च्या एका प्रस्तावनेत तर, हे पुस्तक अडाणी खेडुतासाठी नाही, विद्वान आणि कुलीन गृहस्थांसाठी आहे, असे तो उघड सांगतो. हे वाचून आमच्या कपाळावर आठी पडते. मात्र त्याच प्रस्तावनेत तो एक गोष्ट सांगतो. काही व्यापारी थेम्स नदीतून निघाले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे अंडी मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते! बाईच्या बोलीत अंड्याला दुसराच शब्द होता. मग आम्ही लिहायचे तरी कोणता शब्द, असा कॅक्स्टनचा सवाल आहे. सरदारांसाठी लिहिणाऱ्या माणसालाही किनाऱ्यावरच्या त्या बाईचा शब्द विचारात घ्यावा लागला. आम्हाला छापखान्याचा खरा पराक्रम इथे दिसतो.

आता मुख्य गोष्ट. १४८३ मध्ये त्याने संतचरित्रांचा ‘गोल्डन लेजेंड’ हा अवाढव्य ग्रंथ भाषांतरित केला. खर्चाने आणि श्रमाने तो मेटाकुटीला आला होता. तेव्हा अरुंडेलच्या सरदाराने, म्हणजे बंदी घालणाऱ्या आर्चबिशपच्याच घराण्यातल्या माणसाने, काही प्रती घेण्याचे वचन दिले आणि दरसाल उन्हाळ्यात एक हरीण व हिवाळ्यात एक हरिणी देऊ केली. या ग्रंथात आदाम, नोहा, मोझेस यांच्या कथा इंग्रजीत आल्या. जे बायबल म्हणून छापता येत नव्हते, त्यातले बरेचसे संतचरित्रांच्या पोटात घालून लोकांच्या हाती पडले.

त्याच ग्रंथात बार्लाम आणि जोसाफट यांची कथा आहे. हिंदुस्थानातला एक राजा. मुलगा धर्ममार्गाला लागेल असे भविष्य ऐकून तो त्याला महालात ठेवतो. रोग, म्हातारपण, मरण यांचा वाराही लागू देत नाही. राजपुत्र एक दिवस बाहेर पडतो. त्याला कुष्ठरोगी दिसतो, आंधळा दिसतो, पुढे जख्ख म्हातारा दिसतो. हे सर्वांनाच भोगावे लागते काय, असे तो विचारतो, आणि शेवटी राज्य सोडून जातो.

वाचकहो, ही कथा कोणाची हे तुम्हाला सांगायला नको. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द इराण, अरबस्तान, जॉर्जिया, ग्रीस अशा मजला मारत ‘जोसाफट’ झाला आणि रोमन चर्चने २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मृतिदिन धरला. युरोपच्या विद्वानांना हा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. कॅक्स्टनला त्याचा पत्ता असण्याचे कारणच नव्हते. इंग्लंडचा पहिला छापखाना निघाल्यावर दहा वर्षांच्या आत तथागताची कथा इंग्रजीत छापली गेली, पण परक्या नावाने आणि परक्या धर्माच्या वेषात. धम्माचा उपदेश गळला होता; वार्धक्य आणि व्याधी पाहून हादरलेला माणूस तेवढा शिल्लक राहिला होता. हीच कथा बाबासाहेबांनी इंग्रजीतच, पण तिच्या खऱ्या धन्याच्या नावाने आणि त्याच्या धम्मासह लिहिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, छापून आला.

कॅक्स्टन बहुधा १४९१ च्या अखेरीला वारला. वाळवंटातल्या तपस्व्यांच्या चरित्रांचे भाषांतर त्याने आयुष्याच्या शेवटच्या दिवशी संपवले, असे त्याचा मदतनीस विंकिन डी वर्ड याने लिहून ठेवले आहे. ते पुस्तक विंकिननेच १४९५ मध्ये छापले.