ठासणीची बंदूक : जुनी की नवी?

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या देवासच्या जुन्या घरी देवघरासमोर पाट मांडला जाई आणि त्यावर घरातील झाडून सारे लोखंड येऊन बसे. विळी, कोयता, कुऱ्हाड, अडकित्ता. आणि या सर्वांच्या मागे, भिंतीशी टेकवून, आजोबांची ठासणीची बंदूक. तिच्या नळीला झेंडूची माळ घातलेली असे. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असू. बंदुकीला हात लावण्याची आम्हांस परवानगी नव्हती; मात्र तिचा गज पुसून ठेवण्याचे काम आमच्याकडे असे. त्या गजावर दोन खाचा होत्या. त्या कशासाठी, असे एकदा विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, "एक खाच रिकामीची, एक भरलेलीची. बंदूक भरली की परत घेता येत नाही, बाळ. म्हणून आधी पाहावे."

शेतातील रानडुकरे हाकलण्यापलीकडे आजोबांनी त्या बंदुकीने काही केल्याचे आम्हांस स्मरत नाही. ते गेल्यावर परवान्याचे नूतनीकरण कोणी केले नाही, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि भिंतीवर दोन खुंट्या तेवढ्या राहिल्या.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या वर्षी दिवाळीनंतर आलेले आमच्या भाच्याचे पत्र. हा भाचा वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. तेथे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या संगतीने तो हरणाच्या शिकारीस जाऊ लागला. ही वार्ता प्रथम इंदूरला पोहोचली तेव्हा आमच्या भगिनीने दोन दिवस त्याच्याशी दूरध्वनीवर बोलणे सोडले होते. पत्रात त्याने लिहिले होते : "मामा, आजोबांची बंदूक तुम्ही जवळून पाहिलेली आहे. मजपुढे दोन बंदुका आहेत, दोन्ही ठासणीच्याच. एक जुन्या घडणीची, एक नव्या. कोणती ठेवावी ते सांगा. की दोन्ही सोडून द्याव्या, तेही सांगा."

शेवटच्या वाक्यावरून आम्ही ताडले की प्रश्न केवळ बंदुकीचा नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हरणाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. परंतु पेनसिल्व्हेनियातील इतिहास निराळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण बेसुमार शिकारीमुळे व जंगलतोडीमुळे जवळजवळ नाहीसे झाले होते. १८९५ साली राज्याने वन्यजीवांच्या रक्षणासाठी एक आयोग नेमला, आणि १९०६ पासून तर बाहेरून हरणे आणून रानात सोडावी लागली. पुढे ती इतकी वाढली की आज शेते व बागा खातात आणि रस्त्यात मोटारींवर आदळतात. त्यांना आवर घालणारे लांडगे तेथे उरलेले नाहीत. म्हणून ठरावीक दिवस, ठरावीक परवाने आणि नवशिक्यास आधी शिक्षण, अशा बंधनांत तेथे शिकार चालते. आणि मारलेले जनावर बहुधा घरच्या स्वयंपाकात जाते.

त्या दिवसांतही भेद आहेत. काडतुसाच्या बंदुका आल्यावर ठासणीची बंदूक मागे पडली. परंतु तिचे चाहते उरले होते. १९७४ साली पेनसिल्व्हेनियाने त्यांच्यासाठी केवळ चकमकीच्या बंदुकीचे वेगळे दिवस ठेवले. ते आजही नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून, ऐन बर्फात, सुरू होतात. बंदूक १८०० पूर्वीच्या बनावटीची किंवा त्या धर्तीची असावी लागते, आणि तिच्यावर दुर्बीण चालत नाही. ऑक्टोबरात आणखी एक आठवडा असतो. त्यात शिंगे नसलेले हरीण मारता येते आणि ठासणीची कोणतीही बंदूक चालते. म्हणजे जुनी बंदूक दोन्ही वेळा नेता येते; नवी मात्र ऑक्टोबरातच.

जुनी आणि नवी यांत फरक तो काय? दोन्हींत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच घालावी लागते, दोन्हींत गजाने ठासावे लागते, आणि दोन्हींतून एका वेळी एकच बार निघतो. फरक आहे तो ठिणगीचा आणि गोळीचा.

जुन्या बंदुकीच्या घोड्यात गारेचा तुकडा पकडलेला असतो. चाप ओढला की गार पोलादाच्या पातीवर घासते, ठिणग्या खालच्या रंजकावर पडतात, रंजक भडकते आणि कानाच्या बारीक छिद्रातून आग आतल्या दारूपर्यंत जाते. हे वर्णन करण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या अल्पांशात हे घडते. तरीही चाप आणि बार यांच्यामध्ये क्षणभराची एक फट राहते. त्या फटीत डोळ्यांपुढे जाळ होत असताना नेम स्थिर ठेवावा लागतो. हवेत ओल असली की रंजक नुसते फुसकन जळते, किंवा तेवढेही होत नाही. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्सिथ नावाच्या धर्मोपदेशकास हाच अनुभव छळीत असे. रंजकाचा जाळ पाहून पक्षी उडून जात. त्यावर त्याने आघाताने पेटणारे द्रव्य वापरण्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याच्या टोपीच्या बंदुका आल्या.

नवी बंदूक ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील टोनी नाइट या कारागिराने १९८५ साली अशी बंदूक बाजारात आणून ती लोकप्रिय केली. हिच्यात ठिणगीची टोपी नळीच्या अगदी मागे, दारूच्या सरळ रेषेत बसते. हल्ली तेथे शॉटगनच्या काडतुसात असते तीच टोपी बसवितात. ती झाकलेली असल्याने ओल आत शिरत नाही आणि ती फट जाणवेनाशी होते. दारू मोजून ओतण्याऐवजी तयार वड्या टाकता येतात. गोळी लांबट असून बहुधा प्लास्टिकच्या वेष्टनात असते, आणि वर दुर्बीण. जुन्या बंदुकीची अर्ध्या इंचाची गोल शिशाची गोळी शंभर वारांत आपला एक तृतीयांशाहून अधिक वेग गमावते. जाणते शिकारी ती पाऊणशे-शंभर वारांपलीकडे टाकीत नाहीत. नवी बंदूक चांगल्या हातात दीडशे ते दोनशे वार जाते.

येथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. वेगळे दिवस दिले गेले ते बंदूक अवघड होती म्हणून. मग अवघडपणा काढून टाकलेल्या बंदुकीस त्या दिवसांवर हक्क कोणता, असे जुन्या मताचे लोक विचारतात. कोलोरॅडो राज्याने मध्यम मार्ग काढला आहे : ठासणीच्या बंदुकीच्या दिवसांत नव्या घडणीची बंदूक चालेल, पण दुर्बीण, प्लास्टिकचे वेष्टन आणि दारूच्या वड्या चालणार नाहीत. नव्या मताचे लोक उलट विचारतात की जनावर लवकर आणि नेमके मरावे यासाठी सुधारणा केली तर त्यात पाप ते कोणते? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. "जुने ते सोने" हे माणसाने म्हणावे. हरणास त्याचे काय?

आता भाच्याची हकिकत. ऑक्टोबरात त्याने नवी बंदूक घेतली होती. पन्नाशीकडे झुकलेला, चष्मा लागलेला गृहस्थ. दुर्बिणीतून सारे कसे स्वच्छ दिसे. सरावाच्या मैदानावर, बाकावर वाळूची पिशवी ठेवून, शंभर वारांवर त्याच्या गोळ्या एका मुठीत मावत. त्या संध्याकाळी एकशे ऐंशी वारांवर हरणी उभी होती. तो एका झाडाला रेलून उभा होता, धाप लागली होती आणि उजेड उतरत होता. बंदूक तेथवर जाते हे त्याने वाचले होते. त्याने बार काढला. धूर विरेपर्यंत हरणी निघून गेली होती. पानांवर रक्त होते. कंदील घेऊन मध्यरात्रीपर्यंत आणि दुसरा पूर्ण दिवस तो व ते शेजारी रान धुंडीत होते. हरणी सापडली नाही.

"बंदूक चुकली नाही, मामा," त्याने लिहिले होते, "तिने जे करायचे ते केले. मी चुकलो." त्यानंतर त्या शेजाऱ्यांनी आपली स्वतःची चकमकीची बंदूक त्याच्या हाती दिली. त्यांचे हात आता कापतात. त्यांनी उपदेश केला नाही. "हिच्याबरोबर हिवाळा काढून पाहा," एवढेच म्हणाले.

आम्ही चार दिवस विचार केला आणि लिहिले ते असे.

प्रथम हे समजू नये की जुनी बंदूक घेतल्याने मागची चूक धुऊन निघेल. त्या फटीत नेम हलला तर जुन्या बंदुकीनेही जनावर जखमी होते, आणि नवशिक्याचा नेम हलतोच. रंजकाच्या जाळाला डोळा न मिटण्याची सवय व्हायला महिने लागतात. तेवढे महिने देण्याची तयारी नसेल तर जुनी बंदूक भिंतीवर शोभेल; रानात नेणे म्हणजे आपल्या हौसेची किंमत हरणाकडून वसूल करणे होय. पन्नाशीच्या डोळ्यांना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. दुर्बीण ही अशा वेळी चैन नसून दया ठरू शकते.

दुसरे, वीतभर व्यासाची कागदी ताटली घ्यावी. हरणाच्या काळजा-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. बाक नको, वाळूची पिशवी नको. रानात जसे उभे राहू वा गुडघा टेकू तसेच राहून गोळ्या झाडाव्या. ज्या अंतरावर लागोपाठ पाच गोळ्या ताटलीत लागतील ते आपले अंतर. बंदुकीचे अंतर पुस्तकात असते. आपले अंतर ताटलीवर. नवी बंदूक घेऊनही हे अंतर ऐंशी वार निघाले, तर एक्क्याऐंशीव्या वारावरचे हरीण आपले नव्हे.

तिसरे, कष्टाचा हिशोब आधी करावा. सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा आणि गंधक दहा अशा काळ्या दारूची राख ओल ओढते आणि लोखंड खाते. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली पाहिजे. नव्या बंदुकीचे मागचे बूच आट्यावर फिरवून काढता येते, त्यामुळे ती आरपार साफ होते. जुनी मागून बंद असते. पण धुण्यातून सुटका बहुधा दोहोंतही नाही. आणि काडतुसातील बिनधुराची दारू यांत चुकूनही घालू नये. नळी फुटून जीव जातो.

या सर्वांनंतरही जर मन जुनीकडेच ओढत असेल, तर त्याचे एक कारण आम्हांस मान्य आहे. नवी बंदूक माणसाला लांबून मारण्याची मुभा देते आणि त्या मुभेस नाही म्हणण्याचे काम त्याच्या एकट्याच्या मनावर टाकते. जुनी बंदूक ते काम स्वतःच करते. पन्नास-साठ वारांवर हरणाचे कान हलताना दिसतात, त्याचा श्वास थंडीत दिसतो. तेथवर पोहोचण्यासाठी वारा, पाऊल आणि धीर सांभाळावा लागतो, आणि बहुतेक दिवस रिकाम्या हाती परतावे लागते. ज्यास आपल्या मनाचा पुरता भरवसा आहे त्याने नवी घ्यावी. ज्यास तो नाही, आणि सरावास महिने आहेत, त्याने जुनी घ्यावी. ज्यापाशी दोन्ही नाहीत त्याने घरी बसावे. त्यात कमीपणा नाही.

या वर्षी कोणतीच बंदूक हरणावर उचलू नये, असेही आम्ही शेवटी लिहिले. हे वाक्य भगिनीस वाचून दाखविले तेव्हा ती काही बोलली नाही; पण तिने त्या रात्री त्याला दूरध्वनी केला.

जानेवारीच्या अखेरीस भाच्याचे उत्तर आले. तो शेजाऱ्यांच्या बंदुकीसह पाच दिवस बर्फात हिंडला होता, बंदूक रिकामी ठेवून. एकदा चाळीस वारांवर हरणांचा कळप आला, उभा राहिला आणि निघून गेला. मैदानावर तो दर रविवारी सराव करतो. ताटली अजून पस्तीस वारांपलीकडे सरकलेली नाही. नवी बंदूक त्याने विकली नाही. पुढच्या ऑक्टोबरात कोणती न्यायची ते ताटली सांगेल, असे तो म्हणतो.

पत्राबरोबर एक छायाचित्र होते. त्यात ना हरीण होते, ना भाचा. टेबलावर हिकोरीच्या लाकडाचा एक गज ठेवलेला होता, आणि त्यावर नुकत्याच पाडलेल्या दोन खाचा.