श्रेयांकांचे नाणे

अमेरिकेतील शाळांमधून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ही परीक्षा १९५० च्या दशकापासून घेतली जाते. १ ते ५ अशी तिची श्रेणी. वरची श्रेणी मिळविणाऱ्यास अनेक विद्यापीठे प्रारंभिक अभ्यासक्रमाचे श्रेयांक देतात. वेळ आणि शुल्क दोन्ही वाचते. परंतु विद्यार्थी विद्यापीठ बदलू लागला की या व्यवस्थेतील उणीव उघडी पडते. पहिल्या विद्यापीठाने दिलेले श्रेयांक दुसऱ्याला आपोआप मान्य नसतात. ते बहुधा मूळ गुणपत्रक मागवून आपल्या नियमांनी नव्याने तपासते. इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदा करून ३ श्रेणीलाही सार्वजनिक विद्यापीठांत श्रेयांक मिळवून दिले. उलट डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ साली असे श्रेयांक पदवीसाठी न धरण्याचे जाहीर केले. ज्ञान तेच, वेस ओलांडताच नाणे खोटे! लवकर पदवी घेऊन कमावता होण्याचा हिशेब मांडणारा सामान्य कुटुंबातील विद्यार्थी यात भरडला जातो.

दर्जा राखण्याचा विद्यापीठांचा अधिकार नाकारता येणार नाही. परंतु तो वापरण्याचे नियम आधी जाहीर हवेत. आपल्याकडे २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांकांची पेढी स्थापन झाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणही त्या कक्षेत आणले. पेढीत खाते उघडणे सोपे. ठेव दुसऱ्या गावी वटणे महत्त्वाचे. कोणते श्रेयांक स्वीकारणार हे विद्यापीठांनी प्रवेशापूर्वी सांगावे आणि नाकारल्यास लेखी कारण द्यावे. एवढे झाले नाही, तर ती पेढी केवळ नोंदवही ठरेल.