वर्तमानपत्रांतील चौकट आणि घरांतील मूल

वर्तमानपत्र प्रथम वडिलांच्या हातीं जावें, मग काकांच्या, आणि दुपारीं स्त्रियांची पाळी यावी, असा आपल्या एकत्र कुटुंबांतील जुना रिवाज. मुलांच्या वांट्यास तें येई तें बहुधा पुस्तकांस वेष्टणें घालण्यापुरतें! हा रिवाज पुण्याच्या एका पत्रानें कसा मोडला, तें आज आम्ही वाचकांपुढें मांडतों.

डॉ. ना. भि. परुळेकर यांनीं १९३२ च्या १ जानेवारीस पुण्यांत ‘सकाळ’ काढला. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेल्या या संपादकानें राजकारणाबरोबरच गांवांतील साध्या बातमीसही मान दिला. त्याच पत्रांत १९९१ सालीं चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अवतरला. दोनतीन चौकटी, एक खोडकर मुलगा, पप्पू, मिनी, बगळ्या हे सवंगडी, शेजारच्या जोशीकाकू आणि गृहपाठाची टाळाटाळ. एवढाच त्याचा संसार. पण तो घरोघरचा होता. २०१२ सालीं त्यावर चित्रपटही निघाला.

चित्रमालिकेचें कूळ मात्र इतकें सोज्ज्वळ नव्हे. न्यूयॉर्कमध्यें पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत १८९५ सालीं आऊटकॉल्ट या चित्रकाराचा एक टकला मुलगा दिसूं लागला. पुढें त्याचा पिवळा झगा प्रसिद्ध झाला. १८९६ सालीं हर्स्ट यांनीं त्या चित्रकारासच आपल्या पत्रांत ओढलें. खपाच्या त्या चुरशींतूनच ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द रूढ झाला. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं अशा चित्रांकडे संशयानें पाहिलें, तर त्यांचें सर्वस्वीं चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

आमच्या वाशीमच्या घरीं त्या काळीं पुण्याची वहिनी सुटींत ‘चिंटू’च्या कात्रणांची वही घेऊन येई. “चित्रें पाहून का कोणी शहाणा होतो?” म्हणून तीर्थरूप नाक मुरडीत. एके दुपारीं धाकट्या पुतण्यास अक्षरें लागेनात. तेव्हां तीर्थरूपांनींच त्यास मांडीवर घेऊन चौकटींतील संवाद वाचून दाखविले, आणि शेवटच्या चौकटीशीं आजोबा व नातू एकदमच हसले. सुटी संपण्यापूर्वीं तो मुलगा रोजच्या पत्राचे ठळक मथळे अडखळत वाचूं लागला होता.

आतां प्रत्येकाच्या हातीं निराळा पडदा आहे. मूल चित्रें आजही पाहतें, पण एकटें पाहतें. त्यास दूषण देण्यापूर्वीं वडील माणसांनीं रोज दहा मिनिटें शेजारीं बसून एखादी चौकट त्याच्यासह वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.