गाडी गेली, हप्ते थांबले

आमच्या लाखनीत गाडीचा सौदा ओळखीवरच होतो. शेजारच्या वहिनींनी भाऊंची जुनी गाडी अशीच दिली. तीन हप्ते आले, मग घेणाऱ्याचा फोनच बंद! "जाऊ द्या ताई, पैसे बुडाले," म्हणाल्या. मला धास्ती वेगळीच. कागद अजून भाऊंच्याच नावावर. २००७ साली विकलेल्या एका गाडीने २००९ मध्ये अपघात केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नोंदणीतल्या जुन्या मालकावरच टाकली. नाव बदलून दिलं तर पकड सुटते, नाही दिलं तर जोखीम आपली. गाडी परस्पर ओढून आणावी, तर उलट आपल्यावरच तक्रार. वहिनींच्या डब्यात न वटलेला चेक निघाला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. बावीस उलटले होते. काल दोघी भंडाऱ्याला वकिलाकडे जाऊन आलो.